दोन वर्षांचा अनुभव

शलाका गावंडे अकोटची. संगणकाची पदवी हातात आली त्याच महिन्यात आईला विस्मरणाचा आजार जडला, आणि नोकरी शोधायची सोडून ती घरी थांबली. दोन वर्षांनी आई गेली. मग शलाकाने रेझ्युमे लिहायला घेतला. मैत्रीण म्हणाली, "ही दोन वर्षं लपव गं, एखादा कोर्स दाखव." तिने कोर्स लिहिला, पण पुन्हा वाचताना तो काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं, 'आईची शुश्रूषा'.

नागपूरच्या कंपनीत मुलाखत घ्यायला दिवेकरसाहेब होते. उमेदवाराला रडवल्याशिवाय ते चहा पीत नाहीत, असं बाहेर बसलेली मुलं सांगत होती.

"शुश्रूषा?" साहेब हसले. "मॅडम, हा दवाखाना नाही. आमचे ग्राहक पासवर्ड विसरतात, रोज फोन करून तेच विचारतात आणि वर आपल्यावरच चिडतात. अशांना शांतपणे समजावण्याचा काही अनुभव आहे का?"

"आहे, सर. तुमचे ग्राहक पासवर्ड विसरतात. माझी आई मला विसरली होती. 'तू कोण?' असं ती रोज विचारायची, आणि तिने पहिल्यांदाच विचारल्यासारखं मी रोज सांगायचे."

दिवेकरांचं हसू मावळलं.

"सोमवारपासून या," ते हळूच म्हणाले.

शलाका धावतच बाहेर आली आणि तिने घरी फोन लावला. बाबांनी उचलला. नोकरीचं सांगायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, आईला द्या ना जरा."