घुशीचे तोंडपाठ बीळ

ज्वारीच्या शेताच्या रुंद बांधात एक म्हातारी घूस लेकासुनेसह राहत होती. मुलांनो, तिचे बीळ म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेले काम! ऐन उमेदीत तिने ते स्वतःच्या नखांनी खोदले होते. पुढच्या दारालगत धान्याची कोठी. तिथून लांबलचक वळसा घेतला, की कोठीच्याच भिंतीपलीकडे पिल्लांची खोली आणि तिला लागून मागचे दार. शत्रू आत शिरलाच, तर तो वळसा घालून येईपर्यंत पिल्ले मागच्या दाराने पसार झाली पाहिजेत, असा त्यामागचा विचार. गुडघे धरल्यापासून घूस पुढच्या दारातच बसून असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हा आराखडा घडाघडा म्हणून दाखवी. तेव्हा तिची मान अशी काही ताठ होई, की विचारू नका!

आत मात्र संसार वाढत होता. दाणे घेऊन पिल्लांकडे जाताना सारखा वळसा पडतो, म्हणून सुनेने कोठीची भिंत पोखरून सरळ वाट काढली. कोठी भरली, तेव्हा लेकाने उरलेली कणसे मागच्या दारात रचली. "चार दिवसांपुरतीच ठेवतोय," असे तो म्हणाला. चार दिवस गेले, सुगीही सरली, आणि त्या कणसांवर नवी कणसे चढली. दोघांचे कारण अगदी रास्त होते, हेच तर खरे दुखणे!

शेजारची चिचुंद्री एकदा आत डोकावून आली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही सांगता ते बीळ निराळं, आतलं निराळं. एकदा फिरून बघा तरी."

"मी खोदलंय ते!" घूस फणकारली. "माझं घर मलाच शिकवतेस?"

मग एके दुपारी धामण सळसळत बांधावर चढली. "मागच्या दाराने निघा! तिला वळसा पडेल!" असे ओरडत घूस आत धावली. सवयीने ती स्वतः वळशानेच गेली. पोहोचून पाहते तो काय, मागच्या दारात कणसांचा ढीग, त्याला थडकून रडणारी पिल्ले, आणि भिंतीतल्या भोकातून आत येणारे धामणीचे तोंड! पण म्हातारी मागे हटली नाही. दुखऱ्या पायांनी तिने धामणीच्या तोंडावर अशी माती उडवली, की भिंतच ढासळून भोक बुजले. तेवढ्यात लेकासुनेने कणसे ओढून काढली आणि एकूण एक पिल्लू बाहेर पडले.

लेक खाली मान घालून म्हणाला, "आई, कणसं मीच ठेवली होती."

"तू एकदा चुकलास रे," घूस म्हणाली. "मी मात्र रोज छाती काढून खोटं सांगत होते."

दुसऱ्याच दिवशी तिने बांधाच्या दुसऱ्या टोकाला नवे बीळ खोदायला घेतले. ते झाल्यावर दर आठवड्याला ती लेकासुनेला घेऊन दारापासून दारापर्यंत लंगडत चालून येई. कुठे नवी वाट दिसली, तर ती बुजवी. बुजवण्यासारखी नसेल, तर पिल्लांना नव्याने शिकवी. मान तिची आताही ताठ असे, आणि का नसावी?

जुन्या बिळात धामणीने मुक्काम ठोकला. ढासळलेली माती सारून तिने ती सरळ वाट पुन्हा मोकळी केली. तिला ती फार सोयीची पडते म्हणे.

तात्पर्य : आराखडा तोंडपाठ असून भागत नाही, घर त्याबरहुकूम राहिले आहे का, हे स्वतः चालून पाहावे लागते.