तक्त्यावरची मुंगी

शाळेत रेडिओ ही नवलाई होती, तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेच्या कपाटात मुंगीचं मोठं चित्र असलेला तक्ता गुंडाळून ठेवलेला असे. तपासणीला साहेब येणार असले, की तेवढ्यापुरता तो भिंतीवर मिरवायचा.

अशाच एका दिवशी रेडिओने मुलांना गोष्ट सांगितली. एका मुंगीला गूळ सापडला. घरी परतताना तिने वाटभर वास सोडला, आणि त्या वासामागून साऱ्या मुंग्या गुळापाशी पोचल्या.

तक्ता खवळला. “ना चित्र, ना रंग! गोष्टींना कोणी विज्ञान म्हणतं का? गप्प बस, नाहीतर साहेबांना सांगून तुला भंगारात घालीन.”

“घाल! तिथेही बोलेन,” रेडिओ गरजला. “पोरांनो, माझंही खरं मानू नका. मुंग्यांच्या वाटेवर बोट घासा आणि बघा.”

मुलं बाहेरच्या पायरीवरल्या मुंग्यांच्या रांगेकडे धावली. त्यांतल्या द्वारकीने वाटेवर बोट घासताच रांग तिथेच अडखळली. मुलं ओणवी होऊन मुंग्या न्याहाळू लागली.

“आत या! मी असताना ती मुंगी काय बघता?” तक्ता ओरडला.

द्वारकी आत आली. चित्रावर बोट ठेवून तिने मोजलं.

“बाहेरच्या मुंगीला सहा पाय आहेत. तुझ्या मुंगीला आठ कसे रे?”

तक्ता आपणहून गुंडाळला गेला. इतक्या वर्षांत एकाही साहेबाने ते पाय मोजले नव्हते.