अडीच किलोची मूठ

“...ते सगळं खरं वस्ताद, पण तेल कुठलं लावू तेवढं सांगा की.”

गैबू वस्ताद कुस्तीच्या हौदात उतरून तांबडी माती उकरत होते. वय शहात्तर, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी आणि हातात फावडं.

हौदाच्या कठड्यावर सम्मेद मगदूम बसला होता. वय चोवीस, दंड मांडीएवढे, आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळ्या पट्टीत करकचून बांधलेला.

तालीम मिरजेजवळच्या एका गावातली, कृष्णेच्या अंगाला. सम्मेद काही तालमीतला गडी नव्हे. तो शहरातल्या जिममध्ये, आरशांपुढे आणि मोठ्या आवाजातल्या गाण्यांत वाढलेला. मातीत लोळणाऱ्यांविषयी त्याचं मत फारसं बरं नव्हतं. पण हात दुखायला लागला की माणूस कुठंही जातो, आणि वस्तादांच्या तेलाचं नाव चार गावांत होतं.

तीन महिने झाले, हात दुखत होता. आधी नुसता वजन उचलताना. मग दाराची कडी काढताना. आता दात घासताना सुद्धा. बर्फ झाला, शेक झाला, गोळ्या झाल्या, फवारा झाला, आईची हळदही लावून झाली. हळदीनं शर्ट तेवढा पिवळा झाला.

“डाक्टरला दाखवलंस?” वस्तादांनी मान वर न करता विचारलं.

“दाखवलं.”

“काय म्हणाला?”

“सहा आठवडे वजनाला हात लावायचा नाही म्हणाला.”

“मग?”

“मग तुमच्याकडं आलो.”

वस्ताद फावड्यावर रेलून मनसोक्त हसले. सम्मेदला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“आजपासून अकराव्या दिवशी पॉवरलिफ्टिंगची जिल्ह्याची निवड आहे वस्ताद. सहा आठवडे कुठले आणू?”

त्याचंही काही चूक नव्हतं. गेल्या वर्षी हीच निवड त्याची अडीच किलोनं हुकली होती. शेवटच्या खेपेला बार त्यानं गुडघ्याच्या वर आणला होता. पाठीनं साथ दिली, पायांनी साथ दिली, आणि ऐन वेळी बोटं उघडली. बार धाडकन खाली. समोर सगळा गाव, पहिल्या रांगेत वडील. घरी जाताना नुसती त्याची पिशवी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. त्याला ते जास्त लागलं.

त्या दिवशी त्यानं ठरवलं. ही मूठ आता पुन्हा उघडायची नाही.

किर्र... किर्र... किर्र...

वस्तादांनी कान टवकारले. “उंदीर शिरलाय का रं कुठं?”

सम्मेदनं इकडं तिकडं पाहिलं. “नाही बुवा.”

“मघाधरनं वाजतंय.” वस्ताद हौदातून वर आले. कोपऱ्यातली मुदगलं बाजूला करून पाहिली, फळीखाली वाकून पाहिलं. मग सम्मेदच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि त्याच्या उजव्या हाताकडं बघू लागले.

हातात स्प्रिंगची मूठ होती. दाबायची, सोडायची, दाबायची. जिममधली पोरं पंजा भक्कम व्हावा म्हणून वापरतात तसली. ती तो दाबतोय हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

“हे काय?”

“पंज्यासाठी. हात दुखतोय म्हणजे कुठंतरी कमी पडतोय ना, म्हणून दिवसभर चालू ठेवतो.” सम्मेदच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता. “रोज हजार वेळा. दुखलं तर दीड हजार.”

वस्ताद आत गेले आणि तेलाची बाटली घेऊन आले. काळपट, घट्ट, वासानंच डोळ्यांत पाणी आणणारं ते नामांकित तेल बघून सम्मेद खूश झाला आणि घाईनं हाताची पट्टी सोडायला लागला.

वस्तादांनी त्याच्या हातातली मूठ काढून घेतली. बाटली तिरकी करून स्प्रिंगवर दोन थेंब सोडले, बोटानं नीट चोळले, आणि मूठ त्याला परत दिली.

“बिचारं दिवसभर राबतंय,” ते म्हणाले, आणि बाटली आत ठेवून आले.

सम्मेदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन बसगाड्या बदलून आलेल्या माणसाची ही थट्टा. त्याच्या मनात आलं, उठावं आणि चालू लागावं. पण हात एवढा ठणकत होता की तो तिथंच बसून राहिला.

वस्ताद पुन्हा हौदात उतरले. फावडं वर, फावडं खाली. वर जाताना त्यांची बोटं दांड्यावर अशी ढिली असायची की आता फावडं निसटणार, असं सम्मेदला दर वेळी वाटायचं. ते निसटत नव्हतं.

“रोज उकरता?” त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“रोज. सकाळी पोरं तुडवून जात्यात, माती दगडागत हुतीया.”

“घट्ट झाली तर बरंच की. पाय चांगले रोवतील.”

“रोवतील की.” वस्तादांनी एक ढेकूळ फोडलं. “पडणाऱ्याचं काय?”

...

हौदाचं एक टोक उकरून झालं तेव्हा ते वर आले, हात धुतले, आणि सम्मेदच्या शेजारी येऊन बसले. डावा हात त्याच्यापुढं केला. वाळलेलं, शिरा वर आलेलं मनगट.

“धर.”

“आँ?”

“मनगट धर. उजव्या हातानं. असंल नसंल ते बळ लाव.”

“लागेल तुम्हाला वस्ताद.”

“लागू दे.”

सम्मेदनं धरलं. आधी जपून, मग त्या तेलाच्या थट्टेची आठवण झाली तेव्हा जरा जास्त जोरात.

वस्तादांनी मोकळ्या हातानं थर्मासचं झाकण फिरवलं, बशीत चहा ओतला आणि फुर्र करून प्यायला लागले. मग बोलायला लागले. शेजारच्या म्हशीला रेडकू झालं त्याविषयी बोलले. नदीच्या पाण्याला हल्ली कसला वास येतो त्याविषयी बोलले. एका पैलवानाच्या लग्नात जेवणावळीत जिलबी कशी कमी पडली आणि दोन व्याही कसे रुसले, ती हकीकत तर त्यांनी पार आहेराच्या फेट्यापासून सुरू केली.

सम्मेद धरून बसला होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोपराखालून कळ निघाली आणि बोटांपर्यंत आली. कपाळावर घाम जमला. म्हातारा अजून जिलबीपाशीच होता.

सोडलं तर हरलो, असं त्याला वाटत होतं. कशात हरलो, ते त्याला सांगता आलं नसतं.

“...मग धाकटा व्याही म्हणतोय कसा...”

“वस्ताद.”

“बोल.”

“दुखतंय.”

“आसंल.”

“सोडू का?”

वस्तादांनी बशी खाली ठेवली आणि त्याच्याकडं नवलानं पाहिलं.

“मला काय इचारतोस? मी कुठं धरलंय?”

...

सम्मेदनं खाली पाहिलं. त्या वाळक्या मनगटाभोवती त्याची स्वतःची बोटं पांढरीफटक पडली होती.

त्यानं सोडायला घेतलं, तर बोटं उघडेनात. वर्षभराची सवय. शेवटी डाव्या हातानं उजव्याचं एकेक बोट उचकटावं लागलं. चौथं बोट सुटलं तेव्हा त्याला आधी लाज वाटली, आणि मग स्वतःचंच एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. वस्तादही हसले. त्यांच्या मनगटावर चार लाल वळ उठले होते, ते चोळत म्हणाले, “चांगलं धरतोस की रं. त्यात काय कमी न्हाई.”

“मग निवडीचं काय करू वस्ताद?”

वस्तादांनी फावडं उचललं. “अजून अर्धा हौद ऱ्हायलाय,” ते म्हणाले, आणि उतरले.

संध्याकाळी घरी जाऊन सम्मेदनं नाव मागं घेतलं. फोन ठेवल्यावर वडिलांना सांगितलं. रात्री त्यांनी त्याच्या ताटात न विचारता एक भाकरी जास्त वाढली.

मग तो रोज सकाळी तालमीत जाऊ लागला. स्प्रिंगची मूठ त्यानं वस्तादांच्या फळीवर तेलाच्या बाटलीशेजारी ठेवून दिली. वस्तादांनी त्याला काही शिकवलं नाही. त्यानं फावडं मागितलं तर म्हणाले, “डाक्टरनं काय सांगितलंय?” आणि कठड्याकडं बोट दाखवलं. तो बसायचा आणि फावडं धरणारी ती ढिली बोटं बघायचा. चौथ्या दिवशी पट्टी सुटली. आठव्या दिवशी दात घासताना कळ आली नाही, तर त्यानं त्या खुशीत दोनदा घासले.

अकरावा दिवस उजाडला.

निवड दहाला सुरू होणार होती. सम्मेद साडेनऊलाच येऊन कठड्यावर बसला. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, बोटं मोकळी. कसलेल्या चेल्यासारखा बसला होता. नजर मात्र भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेली.

दहा वाजले. सव्वादहा झाले. आता वजनं घेत असतील. आता नावं पुकारत असतील. गेल्या वर्षी जो अडीच किलोनं पुढं गेला तो आता हाताला खडू लावत असेल.

करर्... करर्...

हौदातलं फावडं थांबलं.

“उंदीर परत आला वाटतं,” वस्ताद म्हणाले.

“मी नाही वस्ताद.” सम्मेदनं दोन्ही हात वर करून दाखवले. अगदी खरं होतं, हात रिकामे होते. “मूठ तुमच्या फळीवर आहे, बघा हवं तर.”

वस्तादांनी फळीकडं पाहिलं. मूठ तिथंच होती.

ते वर आले. सम्मेदसमोर बसले आणि थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिले... मग मातीनं भरलेलं बोट पुढं करून त्यांनी त्याच्या जबड्यावर ठेवलं. कानाखाली तिथं, आवळलेल्या दातांपाशी, सुपारीएवढी गाठ ताठरून उभी होती.

“आणि हितं किती किलो धरलंयस?”