साळूच्या दारातला खड्डा

मुलांनो, जंगल कुठलं ते विचारू नका. पण त्या जंगलातल्या मऊ मातीच्या एका टेकडीत एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेलं. दिवसा ती बिळात गाढ झोपे आणि अंधार पडला की पिल्लांना घेऊन कंदमुळं उकरायला निघे. तिकडे सिंहाच्या गुहेत एक नवलाचा दगड होता. विस्तव नाही, धूर नाही, तरी गुहा उबदार! दरबाराने वर्षानुवर्षं ऊब घेतली. पुढे दगडाची ऊब सरली, पण त्याचं विष काही सरेना. त्याच्याजवळचं गवत जळालं, तिथे बसणाऱ्या सशाचे केस झडले. हे विष शंभर पिढ्या उतरायचं नाही, असं म्हाताऱ्या हत्तीने सांगितलं आणि दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं.

दिवाण होता कोल्हा. तो म्हणाला, "महाराज, साळूच्या टेकडीत पुरून टाकू. माती मऊ, जागा लांब, कुणाच्या नजरेलाही पडणार नाही."

"तिथल्यांना विचारलं का?" सिंहाने जांभई देत विचारलं.

"विचारतो की!" कोल्हा म्हणाला. त्याने भर दुपारी कावळ्याकरवी दवंडी पिटवली आणि लगेच वडाखाली सभा भरवली. आता भर दुपारी साळू येणार कुठून? घूस कुठून, घुबड कुठून? सगळी ढाराढूर झोपलेली! थोडा वेळ वाट पाहून कोल्ह्याने जाहीर केलं, "कुणाचीही हरकत नाही." काय म्हणावं या लबाडाला!

संध्याकाळी साळू जागी झाली ती माती पडल्याच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहते तर दाराशी रानडुक्कर खड्डा खणतंय आणि कोल्हा ऐटीत उभा.

"काय चाललंय हे?"

"दगड पुरायचाय. सभेत ठरलंय. तू का नाही आलीस?"

साळूच्या अंगाची लाही लाही झाली. "माझ्या झोपेच्या वेळी सभा घेतोस आणि वर मलाच विचारतोस?" असं म्हणून ती सरळ खड्ड्यात उतरली, सगळे काटे फुलवले आणि बसली. "पूर आता दगड! आधी मला पुरावं लागेल." रानडुकराने तिला हुसकवायला नाक पुढे केलं मात्र, "आई गं!" करत ते मागच्या मागे पळालं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं. साळूचे डोळे चुरचुरत होते, पण ती हलली नाही. तिला बघून घूस आली, घुबड आलं, वटवाघळं आली. झोप मोडून सगळी खड्ड्याच्या काठाशी बसली. कोल्ह्याने आधी दम दिला, मग गोड कंदांचा ढीग आणून ठेवला. "कंद तुझ्या घरी ने," साळू म्हणाली, "आणि दगडही!"

शेवटी सिंह स्वतः आला. "साळूबाई, चांगला खोल पुरतोय. मग भीती कसली?"

"महाराज, तिकडे बघा," साळू म्हणाली. खड्ड्याशेजारी तिची पिल्लं मजेत माती उकरत होती. "आम्ही खोदणारे जीव. मी पिल्लांना सांगेन, पिल्लं त्यांच्या पिल्लांना सांगतील. मग कुणीतरी विसरेल, आणि माझ्याच वंशातलं एखादं पोर हा दगड वर काढेल. दगड कुठेतरी ठेवावाच लागेल, हे मलाही कळतं. पण ठरवताना आम्ही हवे. आणि जागे असताना हवे!"

सिंहाची मान खाली गेली. त्या दिवसापासून सभा तिन्हीसांजेला भरू लागली, कारण तेव्हा दिवसाचे प्राणी झोपलेले नसतात आणि रात्रीचे उठलेले असतात. भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, हरणं दोनदा उठून गेली आणि परत आली. अखेर ठरलं : सिंहाच्या गुहेमागे जो काळा कातळ आहे, ज्यात कुणाचंच नख चालत नाही, त्याच्या खोल कपारीत दगड ठेवायचा; आणि दर पिढीने आपल्या पिल्लांना लांबून ती जागा दाखवायची.

कोल्हा कुरकुरला, "एवढ्याशा गोष्टीला किती संध्याकाळी वाया गेल्या!"

साळू म्हणाली, "दगडाचं विष शंभर पिढ्या उतरायचं नाही, आणि तुला चार संध्याकाळी जड झाल्या?"

तात्पर्य : ज्याच्या दारात धोका ठेवायचा, त्याला आधी जागं करून विचारावं, झोपलेल्याचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.