दुसऱ्या घरची डबी

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपला जुना संगणक चादरीत गुंडाळून, तान्हे मूल धरावे तसा छातीशी धरून, एका वृद्ध ग्रंथपालाच्या दारी आला.

गाव नदीकाठचे होते. काही वर्षांपूर्वी आलेल्या महापुराची तपकिरी रेघ वाचनालयाच्या भिंतीवर, घड्याळाच्या जरा खाली, अजून दिसत असे. वृद्धाने ती रंगवू दिली नव्हती. त्या पुरात पुस्तके गेली तेव्हा उतारवयात तो संगणक शिकला आणि उरलेल्या जीर्ण पोथ्या-पुस्तकांची पाने त्यात साठवू लागला. ते पाहून लोक आपापले फोटोही जतन करायला त्याच्याकडे आणू लागले. त्याच्या हाताखाली एक तरुणी हे काम शिकत होती. पदवी नुकतीच मिळालेली, हात भराभर चालणारा आणि जीभ त्याहून भराभर.

"गुरुजी, हा आतून टकटक करतोय," व्यापारी म्हणाला. "यात मालनचे फोटो आहेत. कागदावरचे सगळे पुरात गेले. आता हेच."

मालन ही त्याची पत्नी. गेल्या हिवाळ्यात ती वारली होती.

त्याने खिशातून एक नवी हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली. भांड्यांच्या व्यापाऱ्याला ती डबीसारखी वाटली आणि तो तिला डबीच म्हणू लागला. "या डबीत भरून द्या. दुकानदार म्हणाला, सात जन्म पुरेल."

"काका, सात वर्षं पुरली तरी नशीब समजा," शिष्या म्हणाली आणि तिने संगणक जोडायला घेतला. "कट करते, पेस्ट करते. चहा होईपर्यंत काम संपतंय."

"कट नको. कॉपी कर," वृद्ध म्हणाला. "नव्या जागी नीट पोचलेत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जुन्या जागेवरून कुणाला उठवायचं नाही. आणि शेठ, अशीच आणखी एक डबी घेऊन या."

"दोन कशाला? बायको एकच होती."

वृद्ध हसला नाही, त्याने कारणही सांगितले नाही. व्यापारी पुटपुटत गेला आणि दुसरी डबी घेऊन आला.

दोन्ही डब्या भरेपर्यंत दुपार कलली. मग वृद्ध मधूनमधून एकेक फोटो उघडून पाहू लागला. कुठला फोटो अर्धवट तर आला नाही, हे तपासण्याची त्याची ती रीत होती. व्यापाऱ्याला मात्र वाटले की तो विचारतो आहे, आणि तो सांगू लागला. "हा मिक्सर आणला त्या दिवशीचा. म्हणाली, माझा एकटीचा नको, मिक्सरसोबत काढा. ही दुकानात बसलीये, मी आजारी होतो तेव्हा. त्या आठवड्यात माझ्यापेक्षा जास्त भांडी विकली हिनं."

पुढच्या फोटोत गच्चीवर दोन बायका कुरडया घालत होत्या. दोघींचेही हात पिठाने भरलेले, दोघीही कशाला तरी पोट धरून हसत होत्या.

"ही दुसरी कोण?"

व्यापाऱ्याने पडद्यावरून नजर काढली. "थोरली वहिनी. पुढचा दाखवा."

पुढच्यातही वहिनी होती. त्याच्या पुढच्यातही. वृद्धाने फोटो बंद केले आणि विचारले, "एक डबी तुमच्या घरी. दुसरी कुणाच्या?"

"माझ्याच. दोन्ही लोखंडी कपाटात ठेवतो."

"पुराचं पाणी आलं तर?"

"पहिलं आमच्याच उंबऱ्यात येतं. तुम्हाला काय माहीत नाही?"

"म्हणून विचारतो. टेकडीवर तुमचं कोणी नाही का?"

व्यापाऱ्याचा चेहरा घट्ट झाला. "भाऊ आहे. पण नाही असं समजा. त्याच्या मुलीचं, रेवतीचं लग्न निघालं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून वहिनीच्या माहेरची सगळी नावं होती, कुत्रं-मांजर तेवढं राहिलं होतं. आमच्या घरातलं माझं नाव होतं, मालनचं नव्हतं. छापणाऱ्याची चूक म्हणे! माझ्या बायकोचा अपमान करणाऱ्याच्या दारात मी पाय ठेवत नाही. लग्नालाही गेलो नाही."

वृद्धाने मान हलवली. दुसरी डबी त्याने पुन्हा संगणकाला जोडली, आतले सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले. पडदा पांढरा झाला.

"गुरुजी!" शिष्या उठून उभी राहिली. "काय केलंत हे?"



"दोन डब्या एका कपाटात म्हणजे एकच डबी," वृद्ध शांतपणे म्हणाला. "दोन आहेत म्हणून तुम्ही निर्धास्त झोपला असता. आता एकच आहे हे निदान लक्षात राहील."

व्यापाऱ्याने पहिली डबी उचलली, संगणक चादरीत गुंडाळला आणि तो निरोप न घेता गेला.

शिष्येने मात्र वृद्धाची गय केली नाही. "ज्याची बायको गेलीये त्या माणसाशी असं वागतात? एवढा हट्ट कशाला? इंटरनेटवर ठेवले असते मी सगळे. पूर येवो नाहीतर भूकंप होवो, तिथं काय होणार आहे?"

"ठेव की. माझी ना नाही. ते चांगलंच आहे," वृद्ध म्हणाला. "पण तो गेल्यावर ते फोटो उघडून, हा मिक्सर आणला त्या दिवशीचा, असं तिथं कोण सांगेल?"

 म्हणणे पटले तरी राग लगेच जातो असे नाही. त्या संध्याकाळी ती "येते" असे न म्हणताच घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात गावातून भोंगा लावलेली रिक्षा फिरू लागली. धरणातून पाणी सोडले आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. लोक गाद्या आणि गॅसच्या टाक्या हलवू लागले. तेव्हा व्यापारी पुन्हा वाचनालयाच्या दारात उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली डबी त्याने सदऱ्याच्या आत धरली होती.

"जुना संगणक गेला गुरुजी. चालूच होत नाही. आता खरंच ही एकच." जरा थांबून तो म्हणाला, "दुसरी भरून द्या."

"कुणाच्या घरी ठेवणार?"

त्याने भिंतीवरच्या रेघेकडे बराच वेळ पाहिले. "टेकडीवर."

डबी पुन्हा भरली. वृद्धाने लॅपटॉप देऊन शिष्येला सोबत पाठवले.

टेकडीवरच्या घराच्या ओट्यावर थोरला भाऊ उभा होता. धाकट्याला पाहून तो म्हणाला, "पाणी आलं वाटतं. त्याशिवाय आमची आठवण कशी होईल?"

"पाणी नाही आलं अजून."

"मग?"

"अण्णा, मालनचे फोटो आहेत. ठेवून घेशील?"

"तिच्या दहाव्याला घाटावर मला वरच्या पायरीवर उभं ठेवलंस महादू. चार माणसांत. पिंडाजवळ येऊ दिलं नाहीस. आणि आता तिचे फोटो आमच्याकडे?"

व्यापाऱ्याने डबी तशीच पुढे धरली.  एरवी कुणालाही ऐकवायला न चुकणारी शिष्या खाली पाहत राहिली. तेवढ्यात वहिनी आतून आली, ओले हात तिने पदराला पुसले आणि दिराच्या हातातून डबी काढून घेतली.

"ह्यात आमचे कुरडयांचे फोटो आहेत?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

"आणि रेवतीच्या बांगड्यांचे?"

"कसल्या बांगड्या?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिले. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "दाखव. आता कुणापासून लपवायचं?"

तिने आतून मोबाइल आणला. फोटोत कासार बसला होता. त्याच्याभोवती बायका होत्या आणि मधोमध मालन. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, तोंडात अख्खा पेढा. त्यामुळे एक गाल फुगलेला आणि हसू आवरत नसलेले.

"लग्नाच्या आदल्या दिवशी आली होती," वहिनी म्हणाली. "देवळात जाते असं सांगून. पत्रिकेचं मी हात जोडले तिच्यापुढे, तर म्हणाली, रेवती मला काकू म्हणून हाक मारते, ते छापून कशाला पाहिजे? जाताना एवढंच म्हणाली, ह्यांना सांगू नका वहिनी. माझ्यासाठी रागावलेत. मी येऊन गेले कळलं तर त्यांचा राग उघडा पडेल."

व्यापारी ओट्याच्या पायरीवर बसला. फोटो त्याने दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला.

"या बांगड्या मी बघितल्या होत्या," तो म्हणाला. "देवळाबाहेर भरल्या म्हणाली. छान दिसतात, एवढंसुद्धा मी म्हणालो नाही." मग स्वतःशीच बोलावे तसे तो म्हणाला, "तुला राग आलाय का, हे मी तिला कधी विचारलंच नाही."

 थोरल्याने दारामागची सतरंजी काढून ओट्यावर टाकली.

"वर बस. तिथं ओल आहे. आणि पाणी उतरेपर्यंत खाली जायचं नाही, सांगून ठेवतो."

शिष्येने वहिनीच्या मोबाइलमधले ते सगळे फोटो दोन्ही डब्यांत भरले. भरून झाल्यावर, गुरुजी करत तसा, तिने प्रत्येक फोटो उघडून पाहिला.

परत येताच तिने वृद्धाला विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

तिने सगळे सांगितले. वृद्धाने चष्मा काढला आणि तो कितीतरी वेळ पुसत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मला कसं माहीत असणार? मला एवढंच ठाऊक होतं, की कुठल्याही माणसाचं आयुष्य एकाच घरात साठवलेलं नसतं. आपल्याकडची प्रत आपल्याला पूर्ण वाटते, कारण तिच्यात जे नाही ते आपल्याला दिसत नाही. पुराच्या भीतीनं दुसऱ्या घरी डबी ठेवायला जावं. गेल्यावर कळतं, की आपल्या माणसाचं काहीतरी तिथं आधीपासूनच जपून ठेवलेलं आहे."

 निघताना शिष्या दारात थांबली आणि "येते गुरुजी" असे म्हणाली.

त्या आठवड्यात पाणी व्यापाऱ्याच्या उंबऱ्यावर चढले आणि लोखंडी कपाटाचा खालचा खण बुडाला. दोन्ही डब्या तेव्हा टेकडीवर होत्या, आणि व्यापारीही.

फोटो ठेवायच्या डब्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. त्या जिथे ठेवता येतील असे दुसरे घर ज्याचे त्यालाच राखावे लागते, आणि त्यासाठी पुराची वाट पाहू नये.