चिंचेखालची पाळी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही आभाळ आजच्याइतकंच लहरी होतं.

एका कोरड्या मुलखात एक गाव होतं. तळ्याचं पाणी पाटाने शेतांना मिळे, दर आठ दिवसांनी एक पाळी. त्या दिवशी सारं गाव पाटाकाठच्या चिंचेखाली जमे. वाफे तुडुंब भरेपर्यंत गप्पा चालत. गप्पा लांबल्या की पाणीही लांबे, त्याचं कुणाला काही वाटत नसे.

गावाच्या टोकाला एक म्हातारा एकटाच राहायचा. त्याने आपल्या वांग्यांच्या बुडाशी वाळल्या गवताचा जाड थर पसरला होता. ऊन मातीपर्यंत पोचत नसे. महिन्यातून एकदा तळ्यावरून चार घागरी आणून घातल्या की झाडांचं भागे.

मग पाळीला चिंचेखाली जायचं कशाला? त्याचं जाणं थांबलं आणि बोलणंही. "म्हातारा शिष्ट झालाय," गाव म्हणालं.

एकदा एकटेपणा अगदी सोसवेना. नुसत्या चार शब्दांसाठी त्याने पाळी घेतली. गप्पा झाल्या, पण ओल्या मातीत पाणी तुंबून रोपं पिवळी पडली.

"मला सोबत हवी म्हणून तुम्हांला बुडवलं रे," तो रोपांना म्हणाला. त्यानंतर तो गेला नाही. दिवसचे दिवस त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे.

पुढे पाऊस रुसला. तळ्याचा तळ दिसू लागला. गावाची शेतं करपली, म्हाताऱ्याची वांगी मात्र हिरवीगार. एके सकाळी सारं गाव तणतणत त्याच्या बांधावर आलं.

म्हातारा हरखूनच गेला. इतकी माणसं! त्याने लगबगीने घोंगडी अंथरली. "बसा, बसा. उन्हातनं आलात."

"बसायला नाही आलो, तात्या," पाटील गरजला. "पाणी कुठनं चोरता ते सांगा!"

म्हाताऱ्याचे हात घोंगडीवरच थांबले. मग त्याने पाटलाचा हात धरून गवताखाली घातला. माती गार होती.

पाटील वरमला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? तीन वर्षं पाळीला आलो नाही. बरे आहात का, असं विचारायला आलं का कुणी?"

पाटील खाली घोंगडीवर बसला, मग एकेक जण बसला.

त्या आठवड्यात गावाने आपापल्या शेतात गवत पसरलं. तळ्यात उरलेलं पाणी पावसापर्यंत पुरलं. पाळी मग महिन्यातून एकदाच येऊ लागली. माणसं मात्र दर आठव्या दिवशी जमत, म्हाताऱ्याच्या बांधावर.

तात्पर्य: पाणी तहानेपुरतंच द्यावं, पण माणसाची विचारपूस करताना हात आखडू नये.