वैशाखातली चिमणी

“गोष्ट ऐकताना ‘पुढे काय?’ असं माझ्या तोंडून निघालं पाहिजे! नाही निघालं, तर उद्यापासून गोष्टीशाळेला कुलूप!” हंबीरसेन राजाने फर्मावलं आणि मिशीला पीळ भरला.

समोर उभ्या असलेल्या येसूने हात जोडले. ती तेल्याची लेक. देवळाच्या ओवरीत गावची पोरं जमवून त्यांना गोष्टी रचायला शिकवायची. राजवाड्यातून पोरांना गूळ-शेंगदाणे यायचे. पण कुणीतरी राजाचे कान भरले होते, की पोरं त्याच त्या गोष्टी उगाळतात आणि फुकटचा गूळ फस्त करतात.

“नवीन गोष्ट सांगू, महाराज?”

“छे! नव्या गोष्टीतली माणसं माझ्या ध्यानात राहत नाहीत. मला ठाऊक असलेलीच हवी!”

“म्हणजे जेवण नको, पण ढेकर हवा!” येसू म्हणाली. दरबारात खसखस पिकली. “बरं, पण गोष्टीला हुंकार लागतो. तुम्ही ‘हं’ म्हटल्याशिवाय माझी जीभ पुढे हलायची नाही.”

“मी ‘हं’ म्हणणार नाही. ‘ठाऊक आहे’ म्हणेन!”

“चालेल!”

येसूने मागे बसलेल्या पोरांकडे पाहिलं. ओवरीत ती त्यांना नेहमी सांगायची, गोष्ट तीच ठेवा, फक्त एक काहीतरी बदलून बघा. आता स्वतःवर वेळ आली होती. तिने पदर खोचला.

“एक होता कावळा, एक होती चिमणी.”

“ठाऊक आहे!”

“कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं.”

“ठाऊक आहे!” राजाने भलीमोठी जांभई दिली. “आता पाऊस येणार, शेणाचं घर वाहून जाणार, कावळा चिमणीचं दार ठोठावणार. जा, कुलूप आणा!”

“थांबा महाराज! पाऊस कुठे आलाय? अजून वैशाख आहे!”

“ठाऊक... काय?”

“वैशाख! रणरणतं ऊन! आधी चिमणीच्या घराची भिंत मऊ झाली. मग छप्पर ओघळलं. मग चूल, पाळणा, फडताळ, सगळं सुटलं वाहत! आणि शेणाचं घर? आत कसं गारेगार!”

राजा लोडावरून उठून बसला. खरंच की! मेण ते, उन्हात टिकणार कसं? लहानपणापासून ही गोष्ट ऐकली, पण हे कधी डोक्यातच आलं नाही!

“चिमणी निघाली पिल्लाला कडेवर घेऊन. पिसं सगळी चिकट! कावळ्याच्या दारावर टकटक केलं. ‘कावळेदादा, दार उघड!’ तर आतून आवाज आला...”

येसू गप्प!

राजाने वाट पाहिली. घसा खाकरला. येसू ढिम्म हलेना.

“अगं, हुंकार हवाय का? घे! हं! हं! हं! कोण काय म्हणालं? पुढे काय?”

पोरांनी एकच कल्ला केला. राजाने जीभ चावली, पण उशीर झाला होता. “बरं, निघालं ते निघालं! आता सांग तरी!”

“मला काय विचारता? या पोरांना विचारा.”

“माझा कावळा म्हणतो, थांब, मी पिल्लांना झोपवतो!” एक मुलगी ओरडली. “आणि तासभर झोपवतच बसतो!”

“माझा कावळा घरीच नाही!” दुसरी म्हणाली. “तो ताकाचं मडकं घेऊन चिमणीकडेच निघालाय!”

“घरी नाही?” राजा उठून उभाच राहिला. “मग आतून आवाज कुणाचा आला?”

“ते उद्या शाळेत ठरायचं होतं,” येसूने सुस्कारा सोडला, “पण कुलूप तर तुम्ही आधीच मागवलंय. आता ती चिमणी बिचारी जन्मभर दारातच उभी!”

राजाने पोरांकडे पाहिलं, येसूकडे पाहिलं, आणि असा गडगडून हसला की त्याचा मंदिल कानावर घसरला. “शोभतेस हो तेल्याची लेक! बरोबर घाण्याला जुंपलंस मला!”

त्याने गळ्यातला कंठा काढून येसूच्या हातावर ठेवला. पोरांना गुळाच्या जोडीला पेढे सुरू झाले.

“आणि ओवरीत माझीही एक सतरंजी घाला!” राजा म्हणाला. “सकाळीच येतो. तोवर त्या चिमणीला निदान सावलीत तरी बसवा!”